चप्पल बी लई गया

मुलाखत घेणारे मला एक ठरलेला प्रश्न विचारतात — हे गाणं सुचलं कसं? मीही ठरलेलं उत्तर देतो. आमच्या खान्देशच्या मातीतलं आहे, बायकांच्या ओठांवर होतं, मी फक्त त्याला गिटार जोडली. समोरचा मान डोलावतो. मातीचं नाव काढलं की मान डोलावतातच. खरं उत्तर मी एकदाही दिलेलं नाही — बँडमधल्या पोरांना नाही, बायकोला नाही, एकदा दारू पिऊन ओक्साबोक्शी रडलो तेव्हाही नाही. तुम्ही पहिले. का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही.

मी माणूस म्हणून फारसा बरा नाही, हे आधीच सांगून टाकावं म्हणजे पुढचं सोपं जाईल, असं वाटलं होतं. पण तीही चलाखीच. आधीच कान पकडले की मार कमी बसतो, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. तर ते राहू दे.

गाणं तुम्ही ऐकलं असेल. नसेल, तर त्यात ऐकण्यासारखं फार नाही — चार कॉर्ड, ड्रमची घाई, आणि एक ओळ. ‘तुना दादला सुरत गया, तुनी चप्पल बी लई गया.’ तुझा नवरा सुरतेला गेला, जाताना तुझी चप्पलपण घेऊन गेला. बस. ही ओळ आली की मैदानातली सगळी पोरं पायातली चप्पल काढून डोक्यावर धरतात आणि गोल फिरवतात. मोठ्या शहरांत बूट फिरवतात. वरून, स्टेजवरून, ते फार छान दिसतं. मला अजूनही आवडतं. खोटं कशाला बोलू?

आमच्या बँडचं नाव ‘भरीत पार्टी’. हिवाळ्यात एका शेतात खरंच भरीत पार्टी चालली होती, कपाशीच्या वाळल्या काट्यांवर वांगी भाजत होती, आणि योगेश तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरून गात होता. मी जळगावातल्या मेहरूणचा, गिटारचा क्लास केलेला, कानात इअरफोन घालून परदेशी पॉप-पंक ऐकणारा. योगेश बोरी नदीकाठच्या एका खेड्यातला, नशिराबादला हायवेवर केळी पिकवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. तो कधी काही शिकलेला नव्हता. त्याचा आवाज थोडा फाटलेला होता, आणि तो असा गायचा, जणू याला कुणीतरी मारलंय आणि याला त्याचं हसू येतंय. पॉप-पंकला नेमकं तेच लागतं. मी चार वर्षं आरशासमोर तसं तोंड करून पाहिलं होतं — मला आलं नाही. त्याला डब्यावर आलं.

धुळ्याचा निलेश ड्रमवर आला, तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. सराव त्या कोल्ड स्टोरेजमध्येच. एखादी खोली रिकामी असली की योगेश आम्हाला आत घ्यायचा. भिंती जाड, आवाज बाहेर जायचा नाही, भर उन्हाळ्यात थंडी वाजायची आणि कपड्यांना पिकल्या केळ्यांचा वास लागायचा. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं. धुळ्यात एका मंडळाने आम्हाला दोन गाण्यांतच खाली उतरवलं, त्यांना आरती हवी होती. मग नाशिकला वाजवलं, आणि तिथे पुण्याचा एक माणूस भेटला जो बँडचे शो लावायचा. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुमचा बँड म्हणजे तो गाणारा मुलगा आहे. त्याला सांभाळा.”

गाणी मी लिहायचो. चाली माझ्या. नाव माझं. आणि मी सांभाळायचं कुणाला — तर केळीच्या क्रेट उचलणाऱ्या पोराला. तुम्हाला ही गोष्ट छोटी वाटेल. मला अजूनही छोटी वाटत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात योगेश मला आखाजीला गावी घेऊन गेला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे तो सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराई बसवतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. योगेशच्या आईला सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागलो. उंच, काळीसावळी बाई, हसली की आधी खांदे हलायचे. योगेश त्यांचा एकुलता एक. पंगतीत त्यांनी मला त्याच्या शेजारी बसवलं आणि दोघांना एकाच हाताने वाढलं. त्याच्या पानातल्या पोळीचा जळका कोपरा त्या बोलता बोलता मोडून स्वतःच्या तोंडात टाकत होत्या. तो बिचारा आईच्या त्या हाताकडे बघतही नव्हता. सवयीचं होतं त्याला.

दुपार कलल्यावर बायका गौराई घेऊन नदीकडे निघाल्या. मी पण उठलो तेव्हा योगेशने मला हात धरून बसवलं.

“तठे जावानं नही भो. बाया बार खेयतस.”

बार म्हणजे शिव्यांची लढाई. नदीच्या अलीकडे या गावच्या बायका, पलीकडे त्या गावच्या. मधे कोरडी वाळू. वर्षभर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बाया त्या दिवशी एकमेकींचं सगळं बाहेर काढतात, नावं घेऊन. कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाचं काय. सूर्य मावळेपर्यंत. मावळला की संपलं — जे बोललं गेलं ते गौराईबरोबर गेलं, घरी न्यायचं नाही, पुन्हा काढायचं नाही. आणि म्हणूनच पुरुषाने तिथे पाऊल टाकायचं नाही. योगेश त्या गावात जन्माला आला, पण त्याने कधी बार ऐकला नव्हता. ऐकावासा वाटला नाही का, असं मी विचारलं, तर त्याला तो प्रश्नच कळला नाही.

तो पुरणपोळी खाऊन ओसरीवर झोपला. मी पोट बिघडल्याचं सांगून नदीच्या बाजूला गेलो. बाभळीमागे बसलो. काटे होते, मुंग्या होत्या, मी हललो नाही. खरं सांगू? आयुष्यात ऐकलेला सगळ्यात जबरदस्त कार्यक्रम होता तो. आम्ही ज्याची नक्कल करत होतो ते तिथे साठ वर्षांच्या बाया फुकट करत होत्या. आणि या गावच्या बाजूने सगळ्यात पुढे उभ्या होत्या आमच्या अक्का, पदर खोचून.

“व सुमे, तुना दादला सुरत गया, तुनी चप्पल बी लई गया.”

पलीकडून एक किडकिडीत बाई पुढे आली. हसत होती.

“मना गया ते गया व. तुना घरमा ऱ्हाईसन बी तुना कोठे शे?”

माझा गेला तो गेला, तुझा घरात राहूनही तुझा कुठे आहे? दोन्ही काठ हसून हसून खाली बसले. मोबाइल माझ्या खिशात होता, पण काढायची गरज पडली नाही. ओळच अशी होती की डोक्यात तिची चाल आपोआप सुरू झाली. सूर्य बुडाला तेव्हा अक्का वाळू ओलांडून पलीकडे गेल्या आणि ती किडकिडीत बाई आणि त्या एकमेकींना चिकटून बसल्या, कैरीच्या फोडी खात. मी हेही पाहिलं. म्हणजे मला काही कळलंच नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

पुढच्या आठवड्यात गाणं तयार होतं. सुमीचं नाव मी काढून टाकलं — भल्यासाठी नव्हे, मीटरमध्ये बसत नव्हतं. योगेशने ओळ ऐकली आणि केळ्यांच्या क्रेटवर डोकं टेकवून हसला. कुठून आणली, विचारलं. म्हटलं, पारोळ्याच्या एसटीत दोन म्हाताऱ्या बोलत होत्या. त्याने विश्वास ठेवला. तो ठेवायचा. आणि तो ते जे काय गायला — त्या फाटक्या आवाजात, अहिराणीत, आईच्याच भाषेत — पुण्याच्या माणसाने फोनवर ते परत परत गायला लावलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. रीलवर रील. लग्नांच्या वरातीत, क्रिकेटच्या मॅचमध्ये, कॉलेजच्या बसमध्ये. जळगावात माझ्या गल्लीतली पोरं मला दादा म्हणायला लागली. योगेशचा चेहरा सगळीकडे.

आणि बोरीच्या दोन्ही काठांना एका क्षणात कळलं की ती ओळ कुणाची आहे. पहिल्यांदाच बारातलं काहीतरी घरी आलं होतं. गाणारा अक्काचा पोरगा — म्हणजे अक्काच्या पोराने आईला चोरून ऐकलं, नाहीतर अक्कानेच त्याला घरी बसून सांगितलं. तिसरं काय असणार? सुमी, म्हणजे पलीकडच्या काठाच्या सुमनबाई, शाळेत खिचडी शिजवायच्या. पोरं खिचडीच्या रांगेत चपला हातात घेऊन उभी राहायला लागली. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांमध्ये कुणीतरी चप्पल फिरवायचं. एकदा त्यांच्या दाराला जुन्या चपलांची माळ बांधलेली होती. त्यांनी शाळेचं काम सोडलं. हे मला योगेशने सांगितलं, आणि सांगताना तो खाली बघत होता. मी म्हटलं, अरे होईल शांत. मनात म्हटलं, पुढच्या महिन्यात पुणे.

एवढ्यावर थांबलं असतं, तर याला मी हावरटपणा म्हटलं असतं. हावरटपणाची कबुली द्यायला मी तुमच्याकडे आलो नसतो.

एका सकाळी अक्का नशिराबादला आल्या. एकट्या, एसटीने. योगेश टेम्पोबरोबर सावद्याला गेलेला. त्यांना ते माहीत होतं, तो नसताना म्हणूनच त्या आल्या होत्या. मी रिकाम्या खोलीत तारा बदलत बसलो होतो. मी बाहेरून चहा आणला. थंडी होती, त्यांनी पदर अंगभर घेतला आणि बोलायला लागल्या. सुमन आणि त्या एकाच माहेरच्या, एकाच शाळेतल्या. एकीला अलीकडच्या काठाला दिली, एकीला पलीकडच्या. दोन गावांत तेढ, येणं-जाणं नाही. वर्षातून एकदा, बारानंतर, वाळूवर तेवढ्या दोघी भेटायच्या. चपलेची गोष्ट सुमनने तिथेच सांगितली होती — नवरा निघाला तेव्हा त्याने तिची चप्पल मुद्दाम पिशवीत टाकली, की ही मागे येऊ नये. ती गेली तरी. वैशाखाच्या उन्हात अनवाणी, फाट्यापर्यंत. एसटी सुटली होती. तळपाय इतके भाजले की महिनाभर रांगत होती. सांगताना खूप रडली, आणि मग तीच म्हणाली — पुढच्या आखाजीला हे मला बारात म्हण, सगळ्यांदेखत म्हण, म्हणजे माझं मलाच हसू येईल. तेव्हापासून अक्का दरवर्षी म्हणत होत्या. दरवर्षी सुमन हसत होती.

आता सुमनने निरोप धाडला होता की मला तुझं तोंड दाखवू नको.

मग त्यांनी चहाचा पेला बाजूला ठेवला.

“पराग भाऊ, योगेश म्हनस, गानं तू आनं. एसटीमा ऐकं म्हने. हाई ओळ एसटीमा कोन बोलई? मनी आन शे तुले, खरं सांग. तू आनं का त्यानी?”

मी हातातली तार खुंटीवर पिळत राहिलो. घाबरलो होतो का? नाही. मला हे नीट सांगायचंय, कारण इथेच माझी जीभ अडखळते — मी घाबरलो नव्हतो. ती बाई माझं काय वाकडं करणार होती? मी खरं सांगितलं असतं तर फार तर मला आखाजीची पोळी मिळाली नसती. मी हिशेब करत होतो. मला त्या पंगतीतला तो हात आठवला, पोळीचा जळका कोपरा मोडणारा. आणि खांद्यावरचा तो पुण्याच्या माणसाचा हात. त्याला सांभाळा.

मी मान खाली घातली. आवाज थोडा जड केला — तेवढं मला येतं. म्हटलं, “अक्का, तुम्ही आण घातली म्हणून सांगतो. योगेशनेच आणलं. दरवर्षी बाभळीमागे बसून ऐकतो, म्हणाला. मी त्याला सांगितलं होतं, नको. पण मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नका. तो माझा मित्र आहे.”

बाभळ मी मुद्दाम घातली. दरवर्षी, हेही मुद्दाम. त्या शब्दावर त्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं — बघत राहिलो. सगळ्या वर्षांचा विचार करत असणार तो चेहरा. लहान पोरगं असल्यापासूनच्या एकेका आखाजीचा. आणि मला — लिहायला हात धजत नाही, पण लिहितो — मला बरं वाटलं. स्टेजवर वाटतं तसं. आपण काहीतरी म्हटलं आणि समोरचं माणूस हललं.

एवढंच नाही. त्या समोर बसलेल्या असतानाच माझ्या डोक्यात दुसरं कडवं जुळत होतं, भाजलेल्या तळपायांचं. चांगलं कडवं होतं. ते मी कधी गायलो नाही. दया आली म्हणून नव्हे — ती गोष्ट अक्कांनी मला एकट्याला सांगितली होती, गायलो असतो तर मी पकडला गेलो असतो.

अक्का शब्दाला पक्क्या. माझं नाव त्यांनी काढलं नाही, आजपर्यंत नाही. त्या योगेशशी भांडल्यासुद्धा नाहीत. नुसत्या बोलायच्या बंद झाल्या. तो गावी गेला की त्या उठून शेजारी जायच्या. त्याने पाय धरले, शपथा घेतल्या, आईला एसटीचीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला — माझी गोष्ट — आणि दर वेळी तो आणखी खोटा ठरत गेला. शेवटी त्याने आम्हाला सांगितलं, मी हे गाणं गाणार नाही. निलेश म्हणाला, मग बँड कशाला? पुण्याच्या माणसाने हिशेबी सुस्कारा टाकला. मी म्हटलं, योग्या, तू विश्रांती घे, तोवर मी सांभाळतो.

माइक माझ्याकडे आला. तेव्हापासून माझ्याकडेच आहे. त्याच्या आवाजाची फाट मी जमवली आहे. जुने ऐकणारे म्हणतात, तशी नाही. पण जुने ऐकणारे असे कितीसे?

योगेश अजून नशिराबादला केळीच पिकवतो. लग्न झालं. त्याला माझ्याबद्दल कधी शंका आली नाही. “तू तरी नाव काढं भो,” असं तो मनापासून म्हणतो, आणि मी त्याला मिठी मारतो. सुमनबाई गाव सोडून भावाकडे गेल्या. बार बंद झाला. आखाजीला आता दोन्ही गावच्या बायका वेगवेगळ्या वेळेला येतात, गौराई सोडतात आणि काही न बोलता परत जातात. एकदा मुलाखतीत मी म्हणालो की आपली लोकपरंपरा लोप पावत चाललीय, आपण ती जपली पाहिजे. टाळ्या पडल्या.

गेल्या आखाजीला योगेशने मला खूप वर्षांनी गावी बोलावलं. संध्याकाळी धुळ्याला आमचा शो होता, वाटेतच होतं. मी गेलो. का गेलो? बघायला गेलो. दुसरं कारण नव्हतं.

अक्का वाकल्या होत्या. मला पाहून त्यांचे खांदे हलले, जुन्यासारखे. ओसरीवर योगेश आणि मी शेजारी शेजारी बसलो, तसेच. त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने पुरणपोळी वाढली, वरून तूप, वाटीत रस. मग पोळ्यांची टोपली सुनेच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. योगेशच्या ताटात सुनेने वाढलं. त्या घरात ते आता रोजचं होतं. तो खाली मान घालून जेवत होता आणि त्याच्या पोळीचा एक कोपरा जळका होता. तो त्याने बाजूला काढून ठेवला.

हात धुवायला योगेश मागे गेला तेव्हा अक्का माझ्याकडे सरकल्या. हळूच म्हणाल्या, “तू एकलाच खरं बोलना व्हता, भाऊ. मना पोटना आंडोर खोटा निंघना.”

त्यांच्या पोटचा पोरगा खोटा निघाला होता, खरा मी एकटा. माझ्या तोंडात घास होता. मागे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला, म्हणजे योगेश येत होता. एवढा वेळ पुष्कळ होता. एका वाक्याला किती लागतो?

अक्कांनी टोपली पुढे ओढली. “आखो ले,” म्हणाल्या.

मी ताट पुढे केलं.